पाठीवरच्या टिकल्या

तमाम शेजारणी, आप्तेष्ट, मराठी मंडळाचे आजी-माजी सभासद आणि उसळीच्या वासाने जिना चढणारे इतर सर्व यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, यंदाच्या नवरात्रात आमच्या घरी कोणीही मागे वाकून दाखवणार नाही. ही बंदी लहान, थोर, पाहुणे आणि यजमान या सर्वांना सारखीच लागू राहील. गाणे म्हणण्यास पूर्ण मुभा आहे. बेसूर गाण्यासही आहे. परंतु ‘एकदाच दाखव की’ असे म्हणणाऱ्या व्यक्तीस उसळ खोबऱ्याविना वाढली जाईल, आणि या बाबतीत कोणाचीही शिफारस चालणार नाही.

मराठी मंडळाच्या गणपतीत गेली कित्येक वर्षं निवेदन माझ्याकडे असल्यामुळे असला मजकूर माझ्या हातून आपोआप होतो. जिच्या घरी मी राहते त्या माझ्या बहिणीने, सुनंदाने, तो शांतपणे वाचला, त्याची घडी घालून शेगडीच्या डळमळणाऱ्या पायाखाली सारली आणि मला माळ्यावरची खोकी उतरवायला सांगितलं. बंगळुरात या दिवसांत गल्लीत बुचाची फुलं पडतात. सकाळी झाडणाऱ्या बायका त्यांचे ढीग करतात आणि दुपारपर्यंत पुन्हा तेवढीच पडलेली असतात. भाजीच्या गाड्यांवर कोहळे रचलेले दिसायला लागतात. कोहळे दिसले की बाहुल्या काढायच्या, हे आमच्या घरचं पंचांग. मी स्टुलावर चढले, खोकं खाली दिलं, आणि जुन्या वर्तमानपत्राचा नि डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला. त्या वासाबरोबर गेल्या वर्षीचं नवरात्र जसंच्या तसं खाली आलं.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दार अर्धवट उघडं असलं की दोन्ही. इथे दसऱ्याला घरोघरी पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण शारदक्का यांचं पाहून सुनंदाने हा सण उचलला, तेव्हा आमच्याकडे त्यांनीच भेट दिलेली लाकडी राजाराणीची जोडी सोडली तर एकही बाहुली नव्हती. सुनंदाने मग दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आणून बसवले. आजही आमच्या पायऱ्यांवर म्हैसूरच्या मिरवणुकीतले हत्ती पुढे आणि भाले उगारलेले मावळे मागे, अशी रचना असते. नव्या पाहुण्यांना वाटतं, मावळे हत्तींच्या पाठी लागलेत. आम्ही सांगतो, बंदोबस्त आहे.

पायऱ्यांचा सांगाडा भावजींनी केलेला. भावजी म्हणजे सुनंदाचे यजमान, वसंतराव. बोम्मसंद्र्याला पाइप वाकवण्याचा कारखाना आहे, तिथे ते सुपरवायझर. बसमधले धरायचे दांडे, दवाखान्यातल्या खाटांचे पाय, जिन्यांचे कठडे… या शहरात लोखंड जिथे जिथे वळण घेतं, तिथे भावजी थांबतात आणि हात फिरवून बघतात. आनेकलच्या बसमध्ये एकदा त्यांनी दारालगतचा दांडा इतक्या प्रेमाने कुरवाळला की शेजारची बाई जागा बदलून पुढे गेली. त्यांना तो दांडा आपल्याच कारखान्यातला वाटला होता. तो त्यांचा नव्हता, हे त्यांना घरी येईपर्यंत खुपत होतं.

आणि त्यांची मुलगी रेवती. माझी भाची. गेल्या वर्षी सहावीत होती, आणि जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला जायला लागून बरीच वर्षं झाली होती.

बाहुल्या बघायला आलेल्या पाहुण्यांनी, विशेषतः मुलांनी, बाहुल्यांसमोर एक गाणं म्हणायचं अशी इथे रीत आहे. यजमानांच्या घरच्या मुलांनाही त्यातून सुटका नसते. रेवतीचा गळा तिच्या वडलांवर गेलेला. तिने लहानपणी एकदा देवीचं गाणं म्हटलं होतं, तेव्हा शारदक्कांनी मधेच तिच्या हातात केळं दिलं. पुढच्या वर्षी तिने गाण्याऐवजी बाहुल्यांसमोर उभं राहून, हात वर करून, मागच्या मागे कमान टाकली. बायकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून आठवतो. आमच्या मंडळात मुख्य पाहुण्यांसाठीसुद्धा तसा आवाज निघत नाही.

तेव्हापासून प्रथाच पडली. हळदीकुंकू, उसळ, आणि रेवतीची कमान. निवेदनाची इतकी हौस असूनही या कार्यक्रमाचा माइक माझ्या वाट्याला कधी आला नाही. तो शारदक्कांनी कायमचा आपल्याकडे घेतला होता. दारात नवी बाई दिसली की त्या खुर्चीतूनच हुकूम सोडायच्या, “पुट्टी, स्वल्प तोर्सम्मा.” बाळे, जरा दाखव ग. आणि बाळ दाखवायचं. हात मागे टेकले की टाचांकडे सरकवत आणायचं. हात टाचांच्या जितके जवळ, तितका बायकांचा आवाज वर. सुनंदा त्या वेळी उसळीचं पातेलं उगाच ढवळत उभी राहायची. तिच्याकडे बघितलं तर ती पातेल्यात बघायची. अभिमान लपवण्याची ही आमच्या घरची पद्धत आहे.

त्या संध्याकाळचा वास मला नेमका सांगता येतो: हिंग, झेंडू, ओले तांदूळ, आणि एका पाहुणीच्या केसांतला मोगरा. रेवती वाकली की तिच्या वेणीचं टोक फरशीवर पडायचं आणि त्यावर कुणाचा तरी पाय पडेल अशी धास्ती मला वाटायची. वाकण्याआधी ती डोळे मिटायची. आम्हा सगळ्यांना ते एकाग्रतेसारखं दिसलं. शारदक्का तर म्हणायच्या की पोरगी देवीचं नाव घेते.

वाकता येणाऱ्या माणसाचं आपल्याला केवढं अप्रूप असतं. माझ्या स्वतःच्या देहाबद्दल बोलायचं तर हात खाली नेला की तो गुडघ्याशी थांबतो आणि चौकशी करतो. त्यामुळे रेवतीकडे बघताना मला लाकडाला वेलीकडे बघून वाटावं तसं काहीसं वाटायचं. आणि हे शहर तर वाकण्यावरच चाललेलं. रिक्षात तिघांच्या जागी चौघांना बसायचं असो, पाणी आलेलं नसो, रस्ता खणलेला असो, उत्तर एकच: स्वल्प अॅडजस्ट माडी. जरा सांभाळून घ्या. रेवती इथेच जन्मलेली, त्यामुळे तिच्या मराठीत हा शब्द लहानपणीच शिरला. भूक लागली का? स्वल्प. अभ्यास राहिलाय का? स्वल्प. कमरेवर हात का ठेवलायस, दुखतंय का? स्वल्प.

त्या उत्तरावर कुणी थांबलं नाही. स्वल्प या शब्दाचा उपयोगच मुळी तो असतो.

तिचा वर्ग एका पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. आत खडूच्या भुकटीचा पांढरा थर, घामेजलेल्या गाद्यांचा वास, आणि पाऊस आला की कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही. तिच्या कोच नागरत्ना मॅडम. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, आवाज खर्जातला. त्यांच्याकडे मागे वाकायला शिकण्याची सुरुवात दांडक्याने होते. मारण्याच्या नव्हे. झाडूचा लाकडी दांडा दोन्ही हातांत रुंद धरायचा आणि कोपर न मोडता डोक्यावरून मागे न्यायचा. खांदे उघडले पाहिजेत, मग पाठीचा वरचा भाग, मग मांड्यांचा पुढचा भाग, आणि कंबर सर्वांत शेवटी, तीही थोडी. मॅडमचं म्हणणं, कमरेला बोलवावं लागत नाही, ती न बोलावता येते. मुलींना तो दांडा अजिबात आवडायचा नाही. त्यात काही दिसत नाही, टाळ्या नाहीत, आणि खांद्यात कळ येते ती वेगळीच.

रेवतीचे खांदे ताठ होते. कंबर मात्र मऊ. तिने काय केलं असेल ते सांगायला मॅडमची गरज नाही. शेडमध्ये मॅडमची नजर असायची तोवर ती दांडा फिरवायची, आणि घरी बाहुल्यांसमोर सगळं काम कमरेकडून करून घ्यायची. गरम न केलेल्या अंगाने, थंड फरशीवर, एकेका संध्याकाळी जितक्या बायका तितक्या वेळा. गादीबाहेर वाकायचं नाही असं मॅडमनी वर्गात सांगून ठेवलं होतं, हे आम्हाला फार नंतर कळलं. रेवतीने ते घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुन्हा गाणं म्हणावं लागलं असतं.

आयुधपूजेच्या दिवशी भावजी आम्हाला कारखान्यात घेऊन गेले. दरवर्षी नेतात. यंत्रांना केळीचे खांब बांधलेले, चाकांखाली लिंबं, फाटकाशी फोडलेल्या कोहळ्यांचा कुंकू कालवलेला चिखल. पाइप वाकवायच्या यंत्राला भावजींनी स्वतः शेवंतीचा हार घातला, आणि मग दरवर्षीप्रमाणे आमचा वर्ग घेतला. वळण मोठं पाहिजे, ते सांगत होते. सगळ्या लांबीने थोडं थोडं वाकलं पाहिजे. एकाच जागी सगळं वळण घेतलं की तिथे आतल्या बाजूला सुरकुती पडते. आज दिसत नाही, पण दांडा बसमध्ये बसवला, रोज माणसं लोंबकळली, की नेमका तिथे तडा जातो. भिंतीशी असल्या नापास पाइपांचा ढीग होता, प्रत्येकावर तेलरंगाची लाल फुली. त्यांनी एक उचलून आमच्यापुढे धरला आणि सुरकुतीवर बोट ठेवलं. “दिसायला किती गोल दिसतंय बघा. लोक फसतात ते इथंच.”

सुनंदाने मान डोलावली. मीही डोलावली. रेवती ढिगाशेजारच्या ओट्याला टेकून उभी होती, एक हात कमरेच्या मागे धरून. भावजींनी तिच्याकडे बघून हसून म्हटलं, माझी पोरगी मात्र यंत्रावाचून वाकते. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी दाखव म्हणालं, आणि तिने कारखान्याच्या सिमेंटवर, त्या लाल फुल्यांच्या ढिगासमोर, कमान टाकली. त्या दिवसाचा विचार मी नंतर पुष्कळ वेळा केला. नाटकवाल्याने इतकं ढोबळ नेपथ्य लावलं असतं तर मी त्याला हसले असते.

दसरा झाला, बाहुल्या खोक्यात गेल्या, आणि त्याच आठवड्यात नागरत्ना मॅडमनी रेवतीला बाजूला बसवलं. उडी मारून उतरल्यावर तिचा तोल एका बाजूला जातो, हे त्यांनी पाहिलं होतं. एका पायावर उभं करून मागे झुकायला सांगितलं, तर चेहरा पांढरा पडला. दुखतं का विचारल्यावर ती ‘स्वल्प’ म्हणाली. मॅडम या शहराच्याच, त्यांना स्वल्पचा भाव ठाऊक. आधी डॉक्टरांचा कागद, मग गादी, असं त्यांनी सांगून टाकलं. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती, आणि या वेळी रेवतीचं नाव नक्की धरलं जात होतं.

सुनंदा भडकली. बाकीच्या मुलींनाही दुखतं, त्या कशा करतात. यांना दुसऱ्या कुणाला पुढे काढायचं असेल. आपलीच पोरगी नेमकी आत्ता बरी दिसली. हे सगळं ती मला कणीक मळता मळता सांगत होती, आणि कणकेची अवस्था बघवत नव्हती. रेवती आतल्या खोलीत दप्तर भरत होती, भरलेलं काढून पुन्हा भरत होती.

डॉक्टरांनी एमआरआय काढून घेतला. त्यांनी जे सांगितलं ते साधं होतं. मणक्यांच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो. वाढत्या वयात तो पुरता टणक झालेला नसतो. मागे वाकताना सगळा भार त्याच एका जागी पडत राहिला तर तो थकतो, मग चिरतो. हिचा अजून चिरलेला नाही, चिरायच्या बेतात आहे. आत्ता थांबलात तर भरून येईल आणि पुन्हा खेळता येईल. वाकत राहिली तर पुढचं कुणी सांगू शकत नाही. निवडीचं काय, असं सुनंदाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, मी पाठीचा डॉक्टर आहे.

निवडीच्या दिवशी सुनंदाने पुरणपोळ्या केल्या. कारण नसताना पुरणपोळी झाली की घरात काय चाललंय ते भिंतींनाही कळतं. रेवतीने अर्धी खाल्ली आणि विचारलं, मी आता कायमची अशीच सरळ राहणार का. ती हे मला विचारत होती. मी तिच्या उरलेल्या अर्ध्या पोळीवर तूप सोडलं.

मग शिवाजीनगर. पुण्याचं नव्हे, बंगळुरातलं. बस स्टँडपासून थोडं आत, बांगड्यांच्या दुकानावर एक छोटा दवाखाना आहे, तिथे प्राजक्ता नावाची फिजिओथेरपिस्ट बसते. नागपूरची. नवरा कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत, आणि ही दिवसभर लोकांचे खांदे आणि गुडघे ताळ्यावर आणते. आमचं निपाणीचं मराठी आणि तिचं नागपूरचं पहिल्यांदा समोरासमोर आलं तेव्हा दोन्ही बाजूंनी थोडा वेळ नुसतं ऐकून घेतलं. मग ती रेवतीला म्हणाली, “काहून घाबरून राहिली? मी वाकायला नाही लावत. नुसतं मागं बघ, जमते तेवढं.”

त्याआधी तिने सुनंदाकडे टिकल्यांचं पाकीट आहे का विचारलं. सुनंदाच्या पर्समध्ये ते नेहमी असतं. प्राजक्ताने रेवतीच्या मणक्यांवरून बोट फिरवत मानेपासून कमरेपर्यंत एकाखाली एक टिकल्या लावल्या, सारख्या अंतरावर. आमच्या पोरीची पाठ मी आंघोळ घालण्याच्या वयापासून पाहिलेली, पण ती अशी नटलेली कधी पाहिली नव्हती. मग तिला किंचित, अगदी किंचित, मागे झुकायला सांगून बाजूने फोटो काढला आणि नवरात्रात शारदक्कांच्या सुनेने घेतलेला एक व्हिडिओ सुनंदाकडून मागून घेतला. त्यातही रेवतीने मागे खोल गळ्याचं पोलकं घातलं होतं, आणि मणक्यांची रेघ स्पष्ट दिसत होती. व्हिडिओ कमानीवर थांबवून त्यातल्या मणक्यांवरही तिने फोनवरच तशाच टिकल्या काढल्या, आणि दोन्ही शेजारी ठेवून ती आम्हाला दाखवायला लागली.

कमानीतल्या वरच्या टिकल्या आपापल्या जागी, एकमेकींशी बोलणं सोडल्यासारख्या दूर दूर. पाठीचा वरचा भाग फळीसारखा सपाट. आणि खाली कमरेशी, दोन-तीन टिकल्या एकमेकींना चिकटलेल्या, मधली तर जवळजवळ दिसेनाशी झालेली. सगळी कमान तिथल्या एवढ्याशा जागेत. ज्याला आम्ही गोल म्हणत आलो होतो ते गोल नव्हतंच. दोन सरळ रेघा आणि मधे एक मोड.

भावजी फोनवर वाकले. बराच वेळ बघत राहिले. त्यांचं बोट आपोआप पुढे आलं आणि पडद्यावर नेमक्या त्या जागी टेकलं, पाइपावर टेकायचं तसं. माणूस आयुष्यभर जे काम करतो ते त्याच्या तोंडून कधी बोलून जाईल सांगता येत नाही. ते स्वतःशीच म्हणाले, “असला पाइप आला असता तर मी लाल फुली मारून बाजूला टाकलो असतो की.”

रेवतीने ऐकलं. ती पाठमोरीच उभी होती, टिकल्या लावलेली. तिने न वळता विचारलं, “मग मला टाकणार?”

भावजींचा हात पुढे आला आणि तसाच राहिला. प्राजक्ता टिकल्या काढत होती, एकेक करून पाकिटाला परत चिकटवत. तिने वर न बघता उत्तर दिलं, “पाइप काही भरून नाही येत, काका. पोरीचं हाड भरून येते. फक्त त्याले वेळ द्या, अन् घरी कोणाले दाखवू नका.”

त्यानंतरचे महिने फार कंटाळवाणे होते, आणि बऱ्या होण्यातलं बहुतेक काम कंटाळवाणंच असतं असं माझं आता मत झालं आहे. पोटाचे व्यायाम, ज्यात पाठीवर झोपून काहीही होताना दिसत नाही. मांड्या सैल करणं. आणि तो झाडूचा दांडा. डोक्यावरून मागे, मागून पुढे. सण येत-जात होते, रेवती दांडा फिरवत होती. शारदक्का संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल, म्हणजे त्यांचा तीळगूळ, घेऊन आल्या तेव्हा सवयीने ‘स्वल्प’ म्हणून गेल्या आणि सुनंदाने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी उरलेलं वाक्य उसाच्या कांडीबरोबर चघळून टाकलं.

भावजींनी एका रविवारी कारखान्यातून एक पाइप वाकवून आणला. रुंद, मोठ्या वळणाचा, बुटका, दोन्ही बाजूंना पाय जोडलेला. त्यावर त्यांनी जुनी गोधडी गुंडाळली. बराच वेळ कुणाला कळेना हे काय आहे. त्यांना प्राजक्ताला दाखवायचं होतं. तिने उलटसुलट करून पाहिला, उंची कमी करायला लावली, मग रेवतीला त्यावर पाठीचा वरचा भाग टेकून आडवं व्हायला सांगितलं. खांद्यांच्या पात्यांमध्ये काहीतरी हळूच उघडलं असावं, कारण रेवतीने मोठा सुस्कारा टाकला. भावजी त्या संध्याकाळी घरी परतताना बसमधल्या एकाही दांड्याला हात लावायला गेले नाहीत. त्यांचं लक्ष नव्हतं.

मला त्या दिवसांत टिकल्या फार दिसायला लागल्या होत्या. मंडळात, कॉलेजात, लग्नकार्यात. एखाद्या घरात पाच माणसं असतात, सगळी आपापल्या जागी ताठ, आणि घराला जे वळण घ्यायचं असतं ते सगळं एकाच माणसात पडतं. बाहेरून बघणाऱ्याला घर किती छान सावरून घेतं असं वाटतं. मी हे सुनंदाला सांगायला गेले. ती त्या वेळी भावजींचा डबा, रेवतीचं दप्तर आणि माझा चहा यांच्या मधोमध उभी होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग तू शेंगा निवड. मी निवडल्या. माझे खांदे त्या दिवसापासून थोडे उघडले असावेत, असं मला वाटतं. सुनंदाला विचारू नये.

आता पुन्हा बुचाची फुलं. एमआरआय केव्हाच स्वच्छ आला. त्यानंतरही मॅडमनी रेवतीला घाई करू दिली नाही. आधी भिंतीला हात टेकून, मग उंच गादीवर, मग त्याहून कमी उंचीच्या. पूर्ण कमान, जमिनीवरच्या गादीवर, ही काल व्हायची होती. आम्ही खोकी उतरवली, मी जाहीर निवेदन लिहिलं, ते शेगडीखाली गेलं, आणि संध्याकाळी आम्ही तिघं शेडमध्ये जाऊन बाकावर बसलो.

पत्र्यावर पाऊस नव्हता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. लहान मुलींच्या धपाधप उड्या, खडूचा डबा आपटल्याचा आवाज. मॅडमनी रेवतीची पाठ उघडी ठेवून तिच्यावर स्वतः टिकल्या लावल्या. प्राजक्ताने त्यांना फोनवर ती युक्ती सांगितली होती, आणि आता वर्गातल्या सगळ्याच मुलींच्या पाठींवर महिन्यातून एकदा टिकल्या लागतात. सुनंदाने पर्समधून पाकीट दिलं. भावजी बाकाच्या अगदी कडेला बसले, जिथून बाजूने दिसेल.

रेवतीने अंग गरम केलं. दांडा फिरवला, आता तो तिच्या डोक्यावरून सहज मागे जातो. मग गादीच्या मधोमध उभी राहिली. हात वर केले. मॅडमनी कमरेखाली एक हात नुसता धरून ठेवला, न लावता. रेवतीने डोळे मिटले, सवयीने. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती देवीचं नाव घेत नव्हती.

ती मागे गेली. हळू. आधी हात, मग खांदे, मग बरगड्यांचा पिंजरा वर उचलला गेला, आणि कंबर शेवटी, थोडीशी. तळवे गादीवर टेकले. टाचांपासून बरेच लांब. शारदक्कांच्या बैठकीत या कमानीला कुणी आवाज काढला नसता. टिकल्या मानेपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर, एकही दुसरीला चिकटलेली नाही. भावजींचं बोट हवेतच त्या वळणावरून वरून खाली फिरलं आणि कुठेही न अडता शेवटाला पोचलं.

तिने डोळे उघडले. उलटी असल्यामुळे तिला आम्ही बाकावरून लोंबकळत असल्यासारखे दिसत असणार. तिने आधी आमच्याकडे पाहिलं, मग छताकडे, मग पुन्हा आमच्याकडे, आणि तशीच उलटी राहून सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“आई, हे दुखत नाहीये. असं पण असतं?”